फ्लेमिंगो आणि अळंबं: नाक सारखं की सदरा सारखा?

फ्लेमिंगोच्या पिसाला गुलाबी करणारं जे मुख्य रंगद्रव्य आहे, त्याचं नाव एका अळंब्यावरून पडलंय. नाव आहे कॅन्थाझॅन्थिन. त्यातला 'कॅन्था' आला कॅन्थरेलस या अळंब्यांच्या गटावरून. १९५० मध्ये फ्रान्सिस हॅक्सो या संशोधकाने कॅन्थरेलस सिनाबॅरिनस नावाच्या शेंदरी अळंब्यातून हे द्रव्य पहिल्यांदा वेगळं केलं. पुढे फ्लेमिंगोच्या पिसांची तपासणी झाली तेव्हा तिथेही तेच सापडलं. तेच म्हणजे त्याच्यासारखं काहीतरी नव्हे, अणूला अणू तेच.

आता हे दोघे एकमेकांपासून किती लांबचे ते बघा. एक म्हणजे खाऱ्या तलावात गुडघाभर पाण्यात उभा असलेला, लांब पायांचा नि लांब मानेचा पक्षी. (हा 'गुडघा' लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.) दुसरं म्हणजे उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या जंगलात ओकसारख्या झाडांखाली उगवणारं, जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर रुंदीचं अळंबं. या दोघांची गाठ पडत नाही. फ्लेमिंगो काही जंगलात जाऊन अळंबी टिपत नाही. मग रंग एकच कसा?

पटकन सुचणारं उत्तर असं की कुठेतरी नातं असेल. गंमत म्हणजे नातं खरोखरच आहे. पण रंगाचा त्या नात्याशी काडीचाही संबंध नाही, आणि ज्या गोष्टींत ते नातं उतरलंय त्या नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. दोन जीवांची तुलना करताना आपण जिथे हमखास घसरतो ती जागा हीच, म्हणून मुद्दाम ही विजोड जोडी निवडली आहे.

नाक आणि सदरा

गर्दीत दोन अनोळखी माणसं दिसली आणि दोघांचं नाक अगदी सारखं असलं, तर मनात येतं, भाऊ-भाऊ असावेत. दोघांचा सदरा सारखा असला तर तसं वाटत नाही. नाक वाडवडिलांकडून येतं. सदरा कुठूनही येतो. एकाने घरी शिवलेला असेल, दुसऱ्याने आयता आणलेला.

जीवसृष्टीतही साम्य या दोन प्रकारचं असतं. काही एकाच पूर्वजाकडून वारशाने आलेलं, काही वेगवेगळ्या वाटांनी येऊन सारखं दिसणारं. अडचण एवढीच की समोरच्या जीवाचं नाक कुठलं आणि सदरा कुठला, हे वरून कळत नाही. भलेभले फसतात.

फ्लेमिंगोच्या पायांचंच घ्या. ते लांबलचक पाय बघून या पक्ष्याला पिढ्यान्‌पिढ्या करकोचे आणि बगळे यांच्या पंगतीत बसवलं गेलं. काहींनी त्याचं नातं बदकांशीही लावून पाहिलं. मग डीएनए तपासायची सोय झाली आणि २००१ च्या सुमारास भलतंच उत्तर निघालं. आज हयात असलेल्या पक्ष्यांत फ्लेमिंगोचे सगळ्यात जवळचे नातेवाईक आहेत टिबुकलीच्या कुळातले. टिबुकली म्हणजे ती आखूड पायांची, बुटकी, पाण्यात बुडी मारून भलतीकडेच वर येणारी. करकोच्याचे लांब पाय आणि फ्लेमिंगोचे लांब पाय हा निव्वळ सदरा ठरला. पाण्यात उभं राहून खायचं तर पाय लांब हवेत, म्हणून दोघांनी तो स्वतंत्रपणे शिवला.

आता तो गुडघा. फ्लेमिंगोच्या पायाच्या मध्यावर जो सांधा दिसतो आणि उलटा, मागच्या बाजूला वाकतो, तो गुडघा नाहीच. तो घोटा आहे. खरा गुडघा वर पिसांत, पोटाजवळ दडलेला असतो. म्हणजे ज्याला आपण मघाशी 'गुडघाभर पाणी' म्हटलं ते घोटाभर पाणी होतं. तुलना करायची तर हाडाला हाड जुळवावं लागतं, आकाराला आकार जुळवून भागत नाही.

आणखी एक साम्य तर शाळकरी कोड्यात शोभेल असं आहे: दोघेही एका पायावर उभे! फ्लेमिंगो एका पायावर झोपतोसुद्धा. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेलेल्या फ्लेमिंगोला एका पायावर तोलून पाहिलं, तर स्नायूंचं बळ अजिबात नसतानाही तो नीट उभा राहिला. शरीराच्या वजनानेच सांधे असे बसतात की पाय आपोआप अडकून राहतो. दोन पायांवर मात्र तेच कलेवर तसं स्थिर राहिना. अळंब्याचा देठ उभा राहतो तो पेशींत भरलेल्या पाण्याच्या दाबावर, हवा भरलेल्या ट्यूबसारखा. पाणी आटलं की तो मान टाकतो. इथे ना नाक सारखं, ना सदरा. सारखा आहे तो फक्त आपला 'पाय' हा शब्द.

चाळीस मण्यांची माळ

रंगाकडे वळू. थोडं रसायनशास्त्र येईल, पण कागदावर काढता येईल इतकंच.

कार्बनच्या ४० अणूंची एक माळ काढा. माळेच्या मधल्या भागात अणूंमधले बंध एकाआड एक दाखवा: एक एकेरी, एक दुहेरी, पुन्हा एकेरी, पुन्हा दुहेरी. माळेची दोन्ही टोकं वळवून तिथे एकेक कडं करा. हे झालं बीटा-कॅरोटीन, गाजरातला केशरी रंग. आता दोन्ही कड्यांवर ठरावीक जागी ऑक्सिजनचा एकेक अणू बसवा. झालं कॅन्थाझॅन्थिन.

दोन ऑक्सिजनने एवढा फरक का पडतो? एकेरी-दुहेरी बंधांच्या त्या पट्ट्यात काही इलेक्ट्रॉन एका जागी बांधलेले नसतात, सगळ्या पट्ट्यात हिंडत असतात. हिंडायला जागा जितकी लांब, तितका कमी ऊर्जेचा प्रकाश त्यांना चालतो. बीटा-कॅरोटीन मुख्यतः निळा प्रकाश गिळतं, म्हणून आपल्याला केशरी दिसतं. ऑक्सिजन आले की ती मोकळी जागा दोन्ही टोकांना थोडीथोडी वाढते, गिळला जाणारा प्रकाश हिरव्याच्या दिशेने सरकतो, आणि आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो तो आणखी तांबडा. फ्लेमिंगोचा गुलाबी म्हणजे हाच तांबडा, पिसात विरळ पसरलेला.

ही माळ विणायचं कसब वनस्पतींकडे आहे, शेवाळांकडे आहे, कितीतरी जिवाणूंकडे आणि बुरशींकडे आहे. प्राण्यांकडे ते नाही. वाघ असो, मासा असो, माणूस असो किंवा फ्लेमिंगो, कोणालाही ४० कार्बनची ही माळ साध्या कच्च्या मालापासून विणता येत नाही. मोजके अपवाद आहेत. त्यातला एक शेवटासाठी राखून ठेवतो.

अळंबं: सूत परक्याचं, विणकाम घरचं

शेंदरी कॅन्थरेलस हातात घेऊन उलटं धरा. नेहमीच्या अळंब्याच्या टोपीखाली पुस्तकाच्या पानांसारखी पातळ पाती असतात, तशी इथे नसतात. त्याऐवजी बोथट, फाटे फुटलेल्या घड्या टोपीच्या कडेपासून निघून देठावर ओघळत येतात, मेणबत्तीवरून मेण ओघळावं तशा. टोपी शेंदरी, घड्या तिच्याहून जरा फिक्या. मोडून पाहिलं तर आतला गर पांढुरका. रंग सगळा बाहेरच्या बाजूला.

हा रंग अळंबं स्वतः तयार करतं. पाच-पाच कार्बनचे तुकडे एकाला एक जोडत आठ तुकड्यांत चाळीसची माळ होते, मग टोकांवर ऑक्सिजन बसतो. पण त्या तुकड्यांसाठी लागणारी साखर कुठून येते? झाडाकडून. जमिनीखाली या बुरशीचे केसाहून बारीक धागे झाडाच्या कोवळ्या मुळांच्या टोकांवर पायमोज्यासारखे चढलेले असतात. धागे झाडाला पाणी, फॉस्फरस, नायट्रोजन मिळवून देतात. झाड त्यांना पानांत तयार झालेली साखर देतं. म्हणजे सूत झाडाचं, विणकाम अळंब्याचं.

जाता जाता एक सांगून टाकतो. लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेलं जे अळंबं चित्रांत हटकून दिसतं, त्या अमानिता मस्कारियाचा लाल रंग या माळेचा नाही. तो बीटरूटच्या रंगाच्या कुळातला, वेगळ्याच रसायनाचा. दोन लाल अळंब्यांचे रंग एकमेकांचे कोणी लागत नाहीत, आणि अळंब्याचा रंग पक्ष्याच्या रंगाशी तंतोतंत जुळतो! केशरी कॅन्थरेलस समजून ऑम्फॅलोटस नावाचं विषारी केशरी अळंबं खाल्लेले लोक दवाखान्यात पोचतात ते याच चुकीने. त्यांनी सदरा पाहिला. टोपीखाली पाती आहेत की घड्या, हे नाक बघायचं राहून गेलं.

फ्लेमिंगो: आयतं कापड, रंगकाम यकृताचं

फ्लेमिंगो खाताना बघायला मिळाला तर डोकं नीट पाहा. ते उलटं असतं. मान खाली सोडून तो चोच अशी धरतो की वरचा जबडा खाली जातो आणि टोक स्वतःच्याच पायांकडे वळतं. मांसल जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे होऊन पाणी आत ओढते आणि बाहेर फेकते. चोचीच्या कडांना असलेल्या बारीक दातऱ्यांत शेवाळं, झिंग्यासारखे चिमुकले जीव अडकतात. हे नुसतं गाळणं आहे असं पुष्कळ काळ मानलं जात होतं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवलं की पक्षी त्याहून चलाख आहे. पायांनी तो गाळ ढवळतो, डोकं सेकंदाला सुमारे ४० सेंटिमीटर वेगाने वर खेचून पाण्यात भोवरा उठवतो, चोच सेकंदाला साधारण १२ वेळा वाजवतो, आणि पळू पाहणारे जीव भोवऱ्यात गुरफटून चोचीपाशी येतात.

रंगाचा प्रवास याच पाण्यात सुरू होतो. सूक्ष्म शेवाळं माळ विणतात. आर्टेमिया नावाचा खाऱ्या पाण्यातला झिंगा ती शेवाळं खातो आणि बीटा-कॅरोटीनवर ऑक्सिजन बसवून त्याचं कॅन्थाझॅन्थिन करतो. फ्लेमिंगो झिंगाही खातो आणि थेट शेवाळंही. जे द्रव्य तयार मिळालं ते तसंच, बाकीच्यावर पक्ष्याच्या यकृतात प्रक्रिया होते. मग रक्तातून ते वाढत्या पिसांच्या मुळाशी जातं. कापड आयतं, वरचं रंगकाम तेवढं स्वतःचं.

म्हणूनच पिल्लू गुलाबी जन्मत नाही. ते पांढुरकं-राखाडी असतं आणि पुरता रंग भरायला दोन-तीन वर्षं जातात. म्हणूनच पूर्वी प्राणिसंग्रहालयांत आणलेले फ्लेमिंगो पिसं झडून नवी आली की फिके पडत. आता त्यांच्या खाद्यात कॅन्थाझॅन्थिन मिसळतात. अंड्याचा बलक गडद व्हावा म्हणून कोंबड्यांच्या खाद्यातही हेच द्रव्य असतं. एके काळी तर माणसांनी कातडी उन्हात रापल्यासारखी दिसावी म्हणून याच्या गोळ्या घेतल्या. रंग चढला, पण काहींच्या डोळ्यांच्या पडद्यात त्याचे बारीक स्फटिक साचले. उसना सदरा प्रत्येकाला बसतोच असं नाही.

पिल्लू वाढवताना या उसन्या रंगाचं काय होतं ते मला सगळ्यात विलक्षण वाटतं. फ्लेमिंगोचे आई आणि बाप दोघेही अन्ननलिकेच्या वरच्या भागात दुधासारखा एक पौष्टिक द्रव तयार करतात आणि चोचीतून पिल्लाला पाजतात. हे दूध लाल असतं, कॅन्थाझॅन्थिनमुळे. महिनोन्‌महिने असं पाजता पाजता आई-बाप दोघेही फिके पडत जातात. पिल्लं मोठी झाली की त्यांचा रंग हळूहळू परततो.

पीस एकदा पूर्ण वाढलं की ते नखासारखं मृत असतं. आतून नवा रंग तिथे पोचत नाही आणि उन्हाने जुना उडत जातो. त्यावर 'ग्रेटर फ्लेमिंगो' या जातीने काढलेली युक्ती २०११ च्या एका अभ्यासात समोर आली. शेपटीच्या मुळाशी तेलाची एक ग्रंथी असते आणि त्या तेलातही हेच रंगद्रव्य उतरतं. पक्षी गाल त्या ग्रंथीवर घासतो आणि मग मानेवर, छातीवर, पाठीवर फिरवतो. जोडीदार शोधण्याच्या दिवसांत हे जास्त चालतं, आणि माद्या नरांपेक्षा जास्त करतात. सरळ सांगायचं तर ही रंगरंगोटीच.

मग नाक कुठे आहे?

रंग सदरा निघाला. आता खऱ्या नात्याकडे येऊ. इथे आपली शाळेतली समजूत आडवी येते, कारण अळंबं म्हटलं की मनात 'वनस्पती' येतं. जमिनीतून उगवतं, हलत नाही, मग दुसरं काय असणार? जीवांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनिअसने १८ व्या शतकात बुरशींना वनस्पतींतच घातलं होतं. १९६९ मध्ये रॉबर्ट व्हिटेकरने पाच सृष्टींची मांडणी केली आणि बुरशींना स्वतंत्र घर दिलं. पण हे घर कोणाच्या शेजारी, हा प्रश्न उरलाच. १९९३ मध्ये रेणूंच्या तुलनेतून उत्तर आलं: बुरशी वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या जवळच्या आहेत. म्हणजे ओकखालच्या अळंब्याचं नातं त्याला साखर पुरवणाऱ्या ओकपेक्षा दूरच्या तलावातल्या फ्लेमिंगोशी जवळचं आहे.

पुरावे घरातल्या खाणाखुणांसारखे आहेत. झाड जास्तीची साखर स्टार्चच्या रूपात साठवतं. अळंबं आणि फ्लेमिंगो दोघेही ती ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात. पेशींच्या आवरणाला लागणारे कोलेस्टेरॉलसारखे पदार्थ दोघेही लॅनोस्टेरॉल नावाच्या टप्प्यावरून जाऊन बनवतात, तर वनस्पतींची वाट वेगळ्या टप्प्यावरून जाते. अळंब्याच्या पेशीभिंतीत कायटिन असतं, ज्याचं कवच फ्लेमिंगोच्या चोचीत अडकलेल्या झिंग्याच्या अंगावरही असतं. अन्न तर दोघांनाही बाहेरूनच लागतं. फरक इतकाच की पक्षी आधी गिळतो आणि मग पचवतो, आणि कुजक्या लाकडावर वाढणारी बुरशी आधी बाहेरच पचवते आणि मग शोषून घेते.

पण माझ्या मते सगळ्यात सुंदर खूण म्हणजे शेपटी. पाण्यात राहणाऱ्या कायट्रिड नावाच्या आद्य वळणाच्या बुरशी आहेत. त्यांचे बीजाणू पोहतात. प्रत्येकाला मागे एकच शेपटी, आणि तिच्या जोरावर ते पुढे ढकलले जातात. इतर शेपटीवाले एकपेशीय जीव बहुतेक करून शेपटी पुढे ठेवून स्वतःला ओढत नेतात. मागून ढकलणारी एकच शेपटी आणखी कुठे दिसते? प्राण्यांच्या शुक्रपेशीत. फ्लेमिंगोच्यासुद्धा. या अख्ख्या घराण्याला ओपिस्थोकोंट म्हणतात. ग्रीकमध्ये ओपिस्थिओस म्हणजे मागचा आणि कोंतोस म्हणजे नावाड्याचा बांबू. शंभर कोटी किंवा त्याहूनही जास्त वर्षांपूर्वी असा एक एकपेशीय नावाडी पाण्यात फिरत होता, आणि फ्लेमिंगो व अळंबं दोघेही त्याचे वंशज. अळंब्यांच्या शाखेने जमिनीवर आल्यावर बांबू टाकून दिला, बीजाणू वाऱ्यावर सोडले. फ्लेमिंगोच्या शाखेने तो एवढ्या एका पेशीपुरता जपला.

त्या पूर्वजापासून आलेलं नाक हे असं आहे. ते बघायला सूक्ष्मदर्शक लागतो, रसायनांची आणि जनुकांची तपासणी लागते.

आणखी एका ठिकाणी ही तुलना मुळातच तिरपी आहे. फ्लेमिंगो म्हणजे अख्खा जीव, पण अळंबं म्हणजे अख्खा जीव नव्हे. जीव म्हणजे जमिनीखालचं धाग्यांचं जाळं, आणि अळंबं हे त्याला काही दिवसांपुरतं आलेलं फळ. अमेरिकेत ओरेगनच्या मालहूर जंगलात आर्मिलारिया या बुरशीचं एकच जाळं सुमारे ९.६ चौरस किलोमीटरवर पसरलंय. ते मोजायचं झालं तर 'एक' म्हणायचं, वर कितीही अळंबी दिसोत. फ्लेमिंगो एका हंगामात चिखलाच्या ढिगावर एकच अंडं घालतो. एका अळंब्यातून कोट्यवधी बीजाणू उडतात. बरोबरी करायचीच तर अळंब्याची पक्ष्याशी नको, पक्ष्याच्या अंड्याशी करावी. तीही फार ताणू नये.

अपवाद

आता तो राखून ठेवलेला अपवाद. वाटाण्याच्या वेलीवर मावा पडतो. टाचणीच्या डोक्याएवढा, रस शोषणारा किडा. काही मावे हिरवे, काही लालसर. २०१० मध्ये नॅन्सी मोरान आणि टायलर जार्विक यांनी दाखवलं की हा किडा रंगाची माळ स्वतः विणतो, जे प्राण्याला जमायला नको. ती विणणारी जनुकं तपासली तेव्हा ती तोवर तपासलेल्या इतर कुठल्याच प्राण्यात सापडेनात. जुळली ती बुरशीच्या जनुकांशी. कधीतरी, फार पूर्वी, कुठल्यातरी बुरशीचा डीएनए माव्याच्या पूर्वजात शिरला आणि तिथेच राहिला.

म्हणजे याने सदरा नाही उचलला, हातमागच उचलला. आणि तो हातमाग तेव्हापासून आईकडून पोराकडे जातोय, हुबेहूब नाकासारखा. लाल माव्यात त्या जनुकांपैकी एक चालू असतं. ज्या माव्यांत डीएनएचा तेवढा तुकडा गळून गेलाय, ते त्याच वेलीवर शेजारी हिरवे बसलेले दिसतात.